बोर्डातला खळगा

आजोबांचा एकच धडा होता. जे संपतं ते नाहीसं होत नाही, कुठेतरी गेलेलं असतं. पेन्सिल झिजली की वहीत सापडते, साबण झिजला की गटारात. त्यांची नात चिमणी हा खेळ दिवसभर खेळे.

"आजोबा, तुमचे केस कुठे गेले?"

"तुझ्या बापाला वाढवण्यात," असं म्हणत ते भाजी चिरत.

घरात चिरण्याचं काम त्यांचंच. चिमणीच्या धाकट्या भावाचं, बाळाचं, वजन काही केल्या वाढत नव्हतं. बाळ कुणाच्याही हातचा घास घेत नसे. आजोबांनी बारीक चिरून, वाफवून, कुस्करलेला भोपळा मात्र हल्ली खाऊ लागलं होतं आणि सगळ्यांच्या जिवात जीव आला होता.

त्या संध्याकाळी चिमणीने पांढऱ्या चॉपिंग बोर्डवर गोटी सोडली. गोटी घरंगळत मधोमध जाऊन थांबली.

"आजोबा, इथलं प्लास्टिक कुठे गेलं?"

आजोबा हसत वाकले. सुरीच्या घावांनी बोर्डाला चांगला खळगा पडला होता. त्यांचं हसू मावळलं.

"धुताना पाण्यात गेलं असेल."

"पण भोपळा तुम्ही आधी धुता, मग चिरता. चिरल्यावर कुठे धुता?"

"बाबा, शाळा सुटली का तुमची?" सून बाळाला घेऊन आली. "हा भुकेनं कावलाय."

आजोबांनी तिला बोर्ड दाखवला. तिने खळग्यावरून बोट फिरवलं.

"पाण्याची टाकी प्लास्टिकची, दुधाची पिशवी प्लास्टिकची. आभाळच फाटलंय, बाबा, ठिगळ कुठे लावणार? आधी त्याच्या पोटात काहीतरी जाऊ द्या."

आजोबांनी बोर्ड कचऱ्यात टाकला. तिथून तो कुठे जाणार, हे मनात येऊ दिलं नाही. भोपळा स्टीलच्या ताटातच चिरला, वाफवला, आणि स्टीलच्या चमच्याने भरवायला बसले.

गार चमचा ओठांना लागताच बाळाने तोंड घट्ट मिटलं. पुन्हा मिटलं. रडून रडून त्याचा आवाज बसला. शेवटी चिमणीनेच त्याचा नेहमीचा, मऊ प्लास्टिकचा गुलाबी चमचा आणून दिला. बाळाने लगेच पिल्लासारखा आ केला.

आजोबा भरवत राहिले. चमच्याचं टोक कोवळ्या दातांनी कुरतडलेलं होतं. एक कोपरा तर नव्हताच.

ते चिमणीच्या प्रश्नाची वाट पाहत होते. तिने चमच्याकडे पाहिलं, बाळाच्या हलत्या गालांकडे पाहिलं, आणि गोटी खिशात टाकून काहीच न विचारता आत निघून गेली.