पिलरवरचा उंदीर

पाटबंधारे खात्याने मला आयुष्यात एकदाच नोटीस दिली. तिच्यात माझं नाव तीन ठिकाणी तीन तऱ्हेने लिहिलं होतं आणि गाव हमरापूरचं हमीरपूर करून मला पार उत्तर प्रदेशात पोचवलं होतं. माझी चूक मात्र अगदी काटेकोर मोजली होती. एकेचाळीस सेंटिमीटर.

मी जनार्दन, पण सगळे जनूच म्हणतात. तीस वर्षं गणपती रंगवतोय, त्यातही डोळ्यांची आखणी. नदीची आखणी माझ्या गळ्यात पडली ती प्रणित साहेबांमुळे. हे खात्याचे तरुण इंजिनिअर. ऑफिसचा गणपती बुक करायला कारखान्यात आले, माझा हात बघितला आणि म्हणाले, "काका, कुंडलिकेच्या जुन्या पुलावर पाण्याची पट्टी रंगवायची आहे. आकडे पार पुसले गेलेत."

पट्टी म्हणजे पुलाच्या पिलरवर तळापासून दहा मीटरपर्यंतचे आकडे, आणि सहावर लाल रेघ. पाणी लाल रेघेला टेकलं की धोका, मग रोह्याच्या ऑफिसातून भोंगा, मग धावपळ. रेघेच्या खाली असलं की पूर नाही. तुमच्या चुलीत का शिरलेलं असेना, खात्याच्या लेखी तो पूर नाही.

मे महिन्यात हमरापुरात गणपतींच्या घाईत कोणाला मरायला फुरसत नसते. तरी गेलो. जन्मभर दीडफुटी मूर्ती रंगवल्या, म्हटलं एकदा दहा मीटरचं काम करून बघू. हावरटपणा, दुसरं काय.

पुलावरून दोराने फळी सोडली आणि मी तिच्यावर बसलो. दोर धरायला काळू होता. पुलाच्या खालच्या अंगाला कातकऱ्यांची वाडी आहे, तीस घरांची, तिथला हा. पावसाळ्याचे चार महिने खात्याकडे रोजंदारीवर. दर तासाला पट्टी बघायची, आकडा वहीत लिहायचा, फोनवर कळवायचा आणि जागा सोडायची नाही, एवढंच काम.

आम्ही मूर्ती मुकुटापासून खाली रंगवत येतो, म्हणजे वरचा रंग खाली ओघळला तरी झाकता येतो. पट्टीही मी तशीच वरून धरली. मीटरभराची काठी लावायची, खूण करायची, तिथे जाडजूड रेघ ओढायची आणि रेघेच्या खालून पुन्हा काठी लावायची. रेघेची दहा सेंटिमीटर जाडी मापात धरायची असते हे मला कोणी सांगितलं नाही, आणि मी कसला विचारतोय! तळाशी आलो तर एका मीटरला जागाच पुरेना. मूर्तीत असं काही कमीजास्त झालं की आम्ही ते पितांबराच्या निऱ्यांत जिरवतो. इथेही जिरवलं. खालचे दोन-तीन मीटर आखूड केले, आकडे मात्र असे काढले की बघत राहावं.

"दादा, खालचं बारकं झालंय," काळू वरून म्हणाला.

"खालचं कोण बघतो रे?"

दोर धरल्या धरल्या त्याने तीन वर्षांमागची गोष्ट सांगितली. त्या जुलैत तो इथेच उभा होता. पाच पस्तीस, पाच पंचावन्न, पाच सत्तर असे आकडे कळवत होता आणि पलीकडून दर वेळी उत्तर येत होतं, धोक्याखाली, जागा सोडू नको. लाल रेघ लागली, भोंगा वाजला, तोवर वाडीत छातीभर पाणी होतं. बायकोने, चिमाने, दोन्ही पोरं डोंगरावर नेली. त्याची आई अंथरुणाला खिळलेली. तिच्यापर्यंत कोणी पोचलं नाही.

"माज्या हातानं ल्हिलंय वहीत," काळू म्हणाला, "आई बुडत व्हती तवा, धोक्याखाली."



मी पट्टी रंगवली त्याच वर्षी जुलैत नदी चढली. माझ्या पट्टीवर पाणी सहाला लागलं, काळूने कळवलं, भोंगा वाजला, वाडी उठून वरच्या शाळेत गेली. पाऊण तासाने पाणी घरांत शिरलं. वाडीला आठवतं तेव्हापासून पहिल्यांदाच भोंगा पाण्याच्या आधी आला. एक कोंबडीसुद्धा गेली नाही.

यावर खात्याने काय करावं? चौकशी! नदीच्या वरच्या अंगाच्या पुलाचे आकडे आणि आमचे आकडे संगणकाला जुळेनात. माणसं टेप घेऊन आली, पिलर मोजला आणि निष्कर्ष निघाला की लाल रेघ जिथे हवी त्याच्या एकेचाळीस सेंटिमीटर खाली आहे. म्हणजे धोका नसताना तीस घरांना नाहक जीव वाचवायला लावला. मग ती नोटीस.

मी साहेबांना विचारलं, "खरी रेघ ठरवली कोणी?"

"पस्तीस वर्षांपूर्वी ठरली आहे, काका."

"तेव्हा हा हायवेचा भराव होता? नदीत एवढा गाळ होता?"

"नव्हता." साहेब प्रामाणिक माणूस. "पातळी खाली आणायचा प्रस्ताव मीच पाठवलाय. पण तो मंजूर होईपर्यंत आहे तीच शास्त्रीय."

पुढच्या मे महिन्यात मला पट्टी पुन्हा रंगवायला बोलावलं. या वेळी साहेब स्वतः होडीत टेप धरून बसले. तळापासून वर, रेघेच्या जाडीसकट. माझी जुनी लाल रेघ खरवडली आणि नवी वर एकेचाळीस सेंटिमीटरवर ओढली. इतकं बरोबर आणि इतकं वाईट काम मी जन्मात केलं नव्हतं.

चिमा पुलाच्या कठड्याशी येऊन उभी होती.

"दादा, पुसलीव?"

"चूक होती गो ती."

"तुमची चूक आमच्या घरांच्या मापाची व्हती," ती म्हणाली आणि निघून गेली.

मला राग आला. तिचा नाही, माझाच. तीस वर्षं लोकांच्या घरी विघ्नहर्ता पाठवतो म्हणून मिरवायचं आणि इथे टेप धरली की निमूट विघ्न रंगवून द्यायचं! फळी पुन्हा खाली घ्यायला लावली. जिथे माझी चुकीची रेघ होती, बरोबर तिथे पाय टेकवून एक उंदीर काढला. हातभर, गुबगुबीत, हातात मोदक, शेपटीला झोकदार वळण. डोळे तर असे आखले की लांबून बघितलं तरी उंदीर तुमच्याकडेच बघतोय.

"हे काय?" होडीतून साहेब ओरडले.

"सही. कलाकाराची."

"काका, सरकारी पट्टी आहे ती. पुसा."

मी रॉकेलचा बोळा त्यांच्यासमोर धरला. "माझा हात धजत नाही. तुम्ही पुसा."

साहेबांनी बोळा घेतला. उंदराकडे बघितलं. उंदराने साहेबांकडे बघितलं. होडीवाल्याने तोवर हात जोडले होते. साहेबांनी बोळा नदीत टाकला आणि म्हणाले, "आकड्यांवर येत नाहीये ना? मग राहू दे."

त्या जुलैत सकाळी दहाला नदी उंदराच्या पायाशी आली. ठरल्याप्रमाणे काळूने पहिला फोन घरी केला. "चिमा, उंदराचं पाय भिजलं." दुसरा ऑफिसला.

"उंदीर भिजला, साहेब."

पलीकडे कोणी नवीन माणूस होता. "कोण भिजला? आकडा सांगा."

"पाच एकोणसाठ."

"धोक्याखाली. जागा सोडू नका."

या वेळीही त्याने जागा सोडली नाही. कठड्यावरून बघत राहिला. वाडीतून माणसं ओळीने निघाली, म्हातारे पाठुंगळी, शेळ्या पुढे, भांड्यांची बोचकी डोक्यावर. चिमा सगळ्यांच्या शेवटी होती, प्रत्येक दारात डोकावून, आत कोणी राहिलं नाही ना ते बघत. पाऊण तासाने पाणी रिकाम्या घरांत शिरलं. त्यानंतर लाल रेघ लागली आणि भोंगा वाजला. चांगला तासभर वाजला. ऐकायला वाडीत कुत्रंही नव्हतं.

दिवाळीनंतर खात्याचा अहवाल आला. मुखपृष्ठावर माझी पट्टी, झकास रंगीत. उंदीर तेवढा कापला होता. आत लिहिलं होतं की धोक्याची पातळी गाठताच इशारा देण्यात आला, जीवितहानी शून्य, शास्त्रीय पूरमापनाचं हे यश आहे.

त्या यशामागोमाग साहेबांच्या प्रस्तावाचं उत्तर आलं. त्यांनी मला ते फोनवर वाचून दाखवलं. सध्याची पातळी परिणामकारक असल्याचं सिद्ध झालं आहे, सबब बदलाची आवश्यकता नाही.

"म्हणजे आपण वाडी वाचवली म्हणून..." साहेब म्हणाले.

माझ्या उंदराने ती खोटी रेघ कायमची खरी करून टाकली होती.

या मे महिन्यात पुन्हा फोन आला. मी एका लालबागी बैठकीच्या मूर्तीचे डोळे आखत होतो. साहेबांचा आवाज दबका होता, ऑफिसातून बोलत असावेत.

"काका, एक खाजगी काम होतं. उंदराचा रंग उडालाय. पावसाआधी येऊन जाल का?"

"येतो की."

"आणि काका, या वेळी अंदाजाने नको. टेप घेऊन मी येतो. पाय बरोब्बर एकेचाळीस सेंटिमीटर खाली यायला हवेत, एक इकडे नाही की तिकडे नाही."