काळे मणके

निळी गोळी. दर सोमवारी, मधल्या सुट्टीनंतर, बाईंच्या डोळ्यांदेखत.

चांदीची चौकोनी डबी, आत लिंगायतांनी गळ्यात बाळगायचं इष्टलिंग.

दर तीन आठवड्यांनी कुणा परक्याच्या रक्ताची पिशवी.

कुंभारीची दानआत्या, बापाची सख्खी बहीण, लेकासाठी मागणी घालताना: "पोरगी सावळी हाय, पण माझ्या घरात शोभंल की."

सगळे तुकडे एकाच पोरीचे. धनलक्ष्मी, वय एकोणीस, थॅलेसेमिया जन्मापासूनचा, आईबाप दोघांच्या रक्तातून आलेला.

आज सोलापुरात तिचा एमआरआय झाला. मशीनच्या खोलीत धातू चालत नाही, म्हणून तिनं गळ्यातली डबी काढून आईच्या, बसम्माच्या, हातात दिली. बसम्मानं ती पदराखाली छातीशी धरली आणि पोर बाहेर येईपर्यंत पाण्याचा घोटही घेतला नाही.

मग डॉक्टरांनी पडद्यावर पाठीचा कणा दाखवला.

"निरोगी माणसाचे मणके इथं उजळ दिसतात. हिचे बघा."

काळे. चुलीतल्या विझल्या कोळशांची उतरंड.

"दिलेल्या रक्तातलं लोह हाडांच्या मज्जेत साचलंय. यकृतातही. हृदयाचा फोटो अजून व्हायचाय, मला भीती त्याचीच आहे. लोह काढायची गोळी रोज घेते ना?"

"व्हय की," बसम्मा म्हणाली.

"न्हाय," धनलक्ष्मी म्हणाली. "पाण्यात कालवून प्यावी लागती. पावणं आलं की आई ग्लास लपवती. आन् आमच्यात पावणं कवा नसत्यात?"

डॉक्टरांनी ते कागदावर टिपलं.

"शाळेत रक्तवाढीची निळी गोळी वाटायचे. सगळ्या पोरींबरोबर मीबी गिळली. आठवी ते बारावी."

"म्हणजे लोहाचीच." डॉक्टरांनी चष्मा काढला. "बाईंना नको म्हणून सांगायचं ना."

"सांगितलं असतं तर आजार कळला असता," बसम्मा म्हणाली. "मग हिला कोण करून घेणार, डॉक्टरसायब?"

"आता लपवून भागणार नाही. पोटात सुई, रोज आठ-दहा तास लोह काढायच्या औषधाचा पंप. नाहीतर हृदय थकेल."

तेवढ्यात फोन वाजला. दानआत्या. धनलक्ष्मीनं हात पुढं केला. बसम्मानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"व्हय, दानक्का. दवाखान्यात हाय. न्हाय वं, माझं गुडघं दुकत्यात. पोरीला काय धाड भरलीया? तुमी या की गुरुवारी, साखरपुड्याचं ठरवूनच टाकू."

धनलक्ष्मी पडद्याकडं बघत राहिली.

बसम्माचंही लग्न असंच सख्ख्या आतेभावाशी झालं होतं, आणि तेव्हा दोघांचंही रक्त कुणी तपासलं नव्हतं.