खराट्याला बांधलेली रिबन

खराट्याच्या मुठीला लाल रिबन... सकाळी आपणच नातीच्या वेणीत घातलेली ती रिबन, आणि आता वेणी अर्धी सुटलेली, रिबनचं फूल मात्र खराट्यावर असं फुललेलं, की जणू खराटाच नटूनथटून शाळेत निघालाय... धुरपता उंबऱ्यात बसून बघत राहिली. हातातला चहा निवत होता.

"हे काय वं मोनाली? खराटा काऊन घेतला?"

"आजी, आज माह्या टोळीची पाळी हाय! मीच प्रमुख. शाळेचं अंगण अन् समोरचा बोरिंगचा चौक, सारं झाडाचं हाय."

"ठेव तो."

"काऊन?"

काऊन – एवढासा शब्द, पण त्याचं उत्तर द्यायला आयुष्य पार तळापासून उपसावं लागलं असतं. धुरपताने पोरीच्या हातातून खराटा काढून घेतला. "चाल. तुह्या मॅडमले सांगाचं हाय मले. म्हणावं, झाडाचं काम मोनालीले नाई."

मोनालीचे डोळे भरून आले. ती पुढे पुढे पळत गेली. नाचणगावच्या रस्त्यावर मागे उरली धुरपता, आणि तिच्याच हातात खराटा. आर्वीच्या दवाखान्यात नर्स म्हणून पांढऱ्या साडीत जन्म काढला, गावोगावची बाळं या हातांनी झेलली, पण आपल्या घरचं अंगण सोडून कुठलंही अंगण या हातांनी पुन्हा झाडलं नव्हतं.

वाड्याच्या ओट्यावर दात घासत बसलेल्या मनोहररावांनी पाहिलंच. "काय धुरपताबाई, सकाळी सकाळी झाडू घेऊन? निवडणूक लागली काय?"

"तुम्ही उभे राहान, तवा झाडू लागनच!"

ते खळखळून हसले. तीही हसली, आणि हसता हसता लहानपणची शाळा समोर आली... तेव्हा माझ्या हातातल्या खराट्याचं कुणाला हसूसुद्धा आलं नव्हतं. झाडाला पान असावं तसा तो माझ्या हातात होता.

ते गाव दुसरं, ती शाळा दुसरी. मास्तर नाव घेत नसत, नुसतं बोट करत, आणि ते बोट वर्गभर कुठेही न थांबता सरळ माझ्यापाशी येई. बाकीची पोरं तरटावर बसून पाढे म्हणत, मी खिडकीबाहेर अंगण झाडत असे. सात एके सात, सात दुणे चौदा... प्रत्येक आकड्याला खराट्याचा एक फटकारा. सात सक बेचाळीसला मी अंगणाच्या दूरच्या टोकाला पोचलेली असे, आणि पुढचा पाढा वाऱ्यावर जाई. पुढे शिकले, औषधांची मापं तोंडपाठ केली, पण सातचा पाढा अजून तिथेच अडखळतो... बेचाळीस, आणि मग एक रिकामं अंगण.

धम्माची दीक्षा घेऊन आलेला बाप एके दिवशी पांढऱ्या सदऱ्यात शाळेच्या दारात उभा राहिला. "माह्या पोरीले पाटी द्या, गुरुजी. झाडाले तुमच्याही पोरी हायत." एवढंच. त्यानंतर ते अंगण कुणी झाडलंच नाही. लिंबाचा पाला साचत गेला, आणि मी त्यावरून चपलेविना कुरकुर वाजवत वर्गात जात असे – केवढी श्रीमंती होती ती! घाण अंगण हीच आमची जीत होती.

शाळेच्या फाटकाशी धुरपता पोचली तेव्हा उद्देशिका चालू होती. आम्ही, भारताचे लोक... कोवळे, थोडे बेसूर आवाज. मग नंदिनी मॅडमनी बिस्किटांचा जुना डबा खुळखुळवला. त्यात सगळ्या पोरांच्या, आणि मॅडमच्याही, नावांच्या चिठ्ठ्या होत्या. एका पोरीने डोळे मिटून हात घातला.

"संडास... नंदिनी मॅडम!"

"मॅडम, पुन्हा तुम्हीच!" पोरांचा एकच गलका.

"अन् दुसरी... अंकित!"

अंकित म्हणजे मनोहररावांचा नातू. धुरपता त्याच्या कपाळाकडे बघत होती, आठी पडते का म्हणून. त्याने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. "बादली मी घेतो मॅडम. मांगच्या पाळीले तुम्ही सारं पाणी सांडवलं."

"अन् कोपरे घासजो!" मोनाली ओरडली.

"तू अंगणाची प्रमुख, संडासाची नाई!"

मॅडम पदर खोचून हसत होत्या. कुणालाच समजावून सांगावं लागत नव्हतं, कुणाचंच बोट कुणाकडे वळत नव्हतं. किती सोपं... इतकं सोपं होतं का हे? मग तेव्हाच का नाही कुणी एक डबा आणला?

मोनाली समोर येऊन उभी होती. "आजी, दे ना. सारे थांबले हायत."

"आजी, काही बोलायचं होतं का?" मॅडमनी विचारलं.

शब्द तयार होते. नाव काढा तिचं. पण जिभेवर आला तो बाप, आणि त्याचं ते वाक्य... तुमच्याही पोरी हायत. आयुष्यभर मी त्यातलं पाटीचंच ऐकत आले. त्याला काय हवं होतं – कुणीच झाडू नये, की सगळ्यांनी झाडावं? विचारायचं राहूनच गेलं. आणि आज तो इथे, या फाटकाशी असता, तर हा खराटा त्याने पोरीच्या हाती दिला असता, की मोडून टाकला असता?

"नाई," ती म्हणाली. "पाहाले आली होती."

मोनालीने खराटा ओढला. मूठ जरा उशिराने सुटली. रिबनचं एक टोक बोटांत अडकून घसरत घसरत गेलं.

ती पायरीवर टेकली. अंगणात चार-पाच खराटे एकदम सुरू झाले – सर्र, सर्र... परत जाताना मॅडमशी बोलायचं की नाही, हे अजून तिचं ठरलं नव्हतं. नको असताना पाढा सुरू झालाच होता. साती पाचा पस्तीस... मोनालीची टोळी अंगणाच्या दूरच्या टोकाकडे सरकत होती. सात सक बेचाळीस... तिने श्वास रोखून धरला. पण पलीकडच्या टोकाकडून दुसरे खराटे इकडेच येत होते, आवाज तुटतच नव्हता, आणि ओठ आपोआप हलले – साती साती...