चटईखाली जागा होती

“आणखी कोण आहे तुझ्याकडे, कोच?” त्या पालागीनं, म्हणजे गोऱ्या पाहुण्यानं, माझ्या भावाला असं विचारलं, तेव्हा सेमिसीच्या थडग्यावरचं सिमेंटसुद्धा वाळलं नव्हतं.

मी तिथंच उभी होते, हातात नीरफणसाचं ताट घेऊन. मयताच्या घरी लांबून आलेल्या माणसाला आधी वाढायचं, डुकराचा चांगला तुकडा त्याच्या पुढ्यात ठेवायचा, ही आमची रीत. म्हणून वाढत होते, नाहीतर त्या गोऱ्याला मी पाणीही विचारलं नसतं. मुख्यभूमीवरच्या ज्या कॉलेजानं सेमिसीला फुटबॉल खेळायला नेलं, त्यांनीच याला पाठवलं होतं. येताना त्यानं सेमिसीची जर्सी आणली होती, काचेच्या चौकटीत बसवून. तौसालानं, त्याच्या आईनं, धडधाकट पोरगा दिला होता. तिला परत मिळाली एक पेटी आणि एक चौकट.

अपेलू, म्हणजे माझा भाऊ, “जेवून घ्या,” एवढंच म्हणाला आणि काठीवर जोर देऊन खुर्चीतून उठला. पालागीला वाटलं असणार, बिचारा दुःखात आहे. त्यानं समजूतदारपणे मान हलवली आणि मांसाचा तुकडा उचलला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एक पोरगा जमिनीत घालून अजून हात धुतले नाहीत आणि हा दुसरा मागतोय. बाजारातला नारळ नासका निघाला तर आपण दुकानदाराला विचारतो ना, दुसरा आहे का, तसं. पण मयताचं घर होतं. मी ताट खाली ठेवलं आणि मागे चुलीपाशी निघून गेले.

अपेलूला अख्खं बेट कोच म्हणतं. आमच्या अमेरिकन सामोआत पोराला बाहेर पडायचं तर सैन्य नाहीतर फुटबॉल, तोही अमेरिकन, हेल्मेट घालून धडका देण्याचा, हीच दारं. आणि राहायचं तर माझ्यासारखं मासळीच्या कारखान्यात उभं राहून ट्यूना साफ करायचा आणि घरी येऊन तीनदा साबण लावायचा. अपेलू कोवळ्या वयातच फुटबॉलच्या दारातून बाहेर पडला. अंगानं असा, की चर्चच्या बाकाच्या एका टोकाला बसला की दुसऱ्या टोकाची म्हातारी वर उचलली जायची. तिकडे त्याला बचावफळीच्या मधोमध उभं केलं. चेंडू फेकणारे वेगळे, पळणारे वेगळे, टाळ्या घेणारेही वेगळे. यानं जमिनीला हात टेकून वाकायचं, समोरचे दोन आडदांड गडी एकदम अंगावर आले की ते झेलायचे आणि जागेवरून हलायचं नाही. ते दोघं याच्यात अडकले की याच्या मागचा कोणीतरी मोकळा पळत जाऊन गडी पाडतो, आणि टीव्हीवर नाव येतं ते त्याचं.

आम्ही चर्चच्या सभागृहात जमून सामने बघायचो. समालोचकाला अपेलूचं नाव धड घेता यायचं नाही. ‘तो मोठा सामोअन’ म्हणायचा. नीट, एकेक अक्षर सुटं करून नाव घेतलं ते एकदाच, गुडघा मोडून याला स्ट्रेचरवरून नेलं तेव्हा. आई टीव्हीसमोर रडत होती आणि शेजारीण म्हणाली, ऐका, नाव घेतलं त्याचं. पुढच्या मोसमात दुसरा गुडघा गेला. मग त्यांनी त्याच्या तोंडाला पानं पुसली आणि घरी पाठवून दिलं.

आला तो काठी टेकत. आमच्यात वडीलधाऱ्यांसमोर मांडी घालून बसायचं. पाय पसरणं म्हणजे अपमान. अपेलूला मांडी घालता येईना. खुर्ची घ्यावी तर कुळाच्या प्रमुखांपेक्षा उंच बसणं होतं, ते त्याहून वाईट. त्यानं बैठकीला जाणंच सोडलं. पुरुष आत बसले की हा एवढा गडी मागे आम्हा बायकांत येऊन नारळ खवायचा. “नीट खव, करवंटीचा चुरा पडतोय दुधात,” असं मी म्हणायचे. तो हसायचा. मला मात्र आतून तुटायचं.

शाळेनं त्याला फुटबॉल शिकवायला पोरं दिली तेव्हा तो पुन्हा माणसात आला. शाळेच्या मैदानात गवतापेक्षा दगड जास्त. सरावाआधी पोरं ओळीनं दगड वेचत जायची आणि हा मागून काठीनं राहिलेले दाखवायचा. हेल्मेटं पुरायची नाहीत. एकाच्या घामानं भिजलेलं दुसऱ्यानं चढवायचं. असल्या मैदानातून त्यानं पोरं घडवली, कॉलेजांत पाठवली. काही शिकून मार्गाला लागली, काही याच्यासारखीच लंगडत परत आली. लंगडत आलेल्यांची नावं कोणी चर्चमध्ये वाचून दाखवत नाही.

सेमिसी त्याचा सगळ्यांत लाडका. तौसाला माझ्याबरोबर कारखान्यात, माझ्याच टेबलाला. ती पलीकडच्या स्वतंत्र सामोआतून आलेली, माहेरचं इथं कोणी नाही. नवरा आमच्या गावचा होता, तो गेला, आणि त्याचं कूळ हवाईत जाऊन बसलंय. त्या घरात ती आणि हा एकुलता एक. पोरगं इतकं गुणी, की रस्त्यात म्हातारं माणूस दिसलं तर एवढा धिप्पाड मुलगा कमरेत वाकून, माफी मागत पुढून जायचा. तौसालाला मी म्हणायचे, याला थोडं उलट बोलायला शिकव गं. ती हसून म्हणायची, तुझ्याकडे पाठवते शिकवणीला.

मेला कसा, तेही ऐका. तिकडे सरावाला कोणीतरी दुसराच मुलगा उशिरा आला. शिक्षा म्हणून त्यांच्या कोचनं सगळ्या फळीला भर उन्हात पळवलं. ‘थांबा’ म्हणेपर्यंत पळायचं. बाकीची पोरं मध्येच खाली बसली, एक-दोघं शिव्या देत निघून गेली. त्यांना काही झालं नाही. सेमिसी पळत राहिला, पडेपर्यंत.

आणि अंत्यविधीच्या सकाळी चर्चमध्ये हा पालागी उभा राहून म्हणतो, “असा मुलगा मी पाहिला नाही. त्यानं कधी तक्रार केली नाही. त्या शेवटच्या दिवशीसुद्धा पाणी मागितलं नाही, थांबतो म्हणाला नाही.” कौतुक करत होता. मेलेल्या पोराचं कौतुक करता करता स्वतःचे हात झटकून मोकळा होत होता. आणि आमची माणसं भोळी, सगळ्यांनी आमेन म्हटलं. मी म्हटलं नाही. अपेलूनंही म्हटलं नाही, पण त्याचा चेहरा उतरला तो तेव्हाच. मला वाटलं, माझ्यासारखाच तोही संतापलाय.

दोन दिवसांनी तौसालाच्या माहेरची माणसं बोटीनं परत गेली. त्या संध्याकाळी अपेलू माझ्या दारात येऊन उभा राहिला.

“मासिना, आईची चटई दे.”

आईनं डोळ्यांच्या खाचा करून विणलेली ती बारीक विणीची चटई. कापडासारखी मऊ, माझ्या गादीखाली जपून ठेवलेली. मी विचारलं, कशाला?

“तौसालाच्या दारात बसायचंय.”

आमच्यात कुळातल्या कोणी दुसऱ्याच्या माणसाचा जीव घेतला, तरच हे करतात. उजाडायच्या आत त्या घरासमोर गुडघे टेकायचे, डोक्यावरून चटई ओढून घ्यायची आणि वाट बघायची. घरच्या माणसानं येऊन चटई उचलली तर क्षमा मिळाली. नाही उचलली तर त्यांच्या मनात येईल ते. पूर्वी अशा चटईवर कुऱ्हाडीही पडल्यात.

“तू मारलंस त्याला?” मी म्हटलं. “डोकं ठिकाणावर आहे का?”

तेव्हा त्यानं सांगितलं. विमानतळावर सेमिसीच्या गळ्यात फुलांचे हार होते आणि तो रडत होता. अपेलूनं त्याचे खांदे धरून सांगितलं होतं, की तिथला कोच म्हणजे तुझा प्रमुख. तो थांब म्हणाल्याशिवाय थांबायचं नाही. पाणी मागायचं नाही. आपल्या बेटाचं नाव घालवायचं नाही.

“तिकडची गोरी पोरं खाली बसली, मासिना. ती जिवंत आहेत. याला मी बसू दिलं नाही.”

मी भांडले. घसा बसेपर्यंत भांडले. म्हटलं, तू शब्द बोललास, पळवलं त्यांनी. डॉक्टर त्यांचे, पाणी त्यांचं, मैदान त्यांचं. ऐकेना, तेव्हा त्याला आमच्या कुळाच्या प्रमुखांकडे, एलिआमामांकडे घेऊन गेले. म्हटलं, ते तरी कान उपटतील. अपेलू बसू शकत नव्हता, म्हणून दारातच वाकून उभा राहिला. मामांनी सगळं ऐकून घेतलं.

“चोर सोडून संन्याशाला फाशी,” मामा म्हणाले. “आपण चटई पांघरली, की ते म्हणणार, बघा, यांनीच कबूल केलं. मग त्यांना विचारणार कोण? माझं कूळ गुडघे टेकणार नाही.”

“मग मी एकटा टेकतो,” अपेलू म्हणाला.

मामांचं अक्षरन् अक्षर मला पटलं होतं. आजही पटतं. पण दोन्ही गुडघे गेलेला माणूस एकटा टेकणार कसा, आणि तोल गेला तर त्याला सावरणार कोण? घरी आले, गादी उचलली आणि चटई काढली.

पहाटे निघालो. सेमिसीचं थडगं घरासमोरच आहे, त्याच्या शेजारी आम्ही बसलो. अपेलूला खाली बसवायला मला माझं सगळं बळ लावावं लागलं. गुडघे जमिनीला लागले तेव्हा त्याच्या तोंडून जो आवाज आला, तो मी कधी ऐकला नव्हता. मी चटई दोघांवर ओढली. आईनं ती मोठी विणली होती. आणखी माणसं सहज मावली असती.

उजाडलं. कोंबडे, मग शाळेची बस, मग रस्त्यावरून जाणाऱ्यांची थबकणारी पावलं. विणीतून थोडंसं दिसायचं. ऊन चटईतून खाली यायला लागलं. अपेलूच्या मांड्या थरथरत होत्या आणि घाम माझ्या हातावर पडत होता. मनातल्या मनात मी कोणाकोणाला शिव्या दिल्या, देव मला क्षमा करो. पहिली शिवी अपेलूलाच दिली.

मग गाडी येऊन थांबली. पालागी. विमानाची वाट बघत बेटावर अडकला होता, निघण्याआधी तौसालाला भेटायला आला असणार. गाडीचा आवाज ऐकून तौसाला पायरीवर आली. त्यानं विचारलं, हे काय आहे. तौसालाला इंग्रजी बेताचंच येतं. शब्द शोधत, सावकाश बोलली.

“माझा मुलगा गेला. ज्यांच्यामुळे गेला, ती माणसं चटईखाली बसलीत. क्षमा मागतायत.” मग हातानं चटई दाखवून म्हणाली, “या. जागा आहे.”

मला त्याचे बूट दिसत होते, स्वच्छ पांढरे. ते जरासे मागे सरकले.

“तुमच्या परंपरेचा मला फार आदर वाटतो,” तो म्हणाला. “मी मध्ये येत नाही.”

आणि त्यानं फोन काढून आमचा फोटो घेतला. मी झटक्यात उठणार होते. त्या माणसाची कॉलर धरून त्याला चटईखाली ओढणार होते, मग रीत गेली खड्ड्यात. अपेलूनं माझं मनगट घट्ट धरलं. “हलू नकोस,” म्हणाला. गाडी सुरू झाली आणि गेली.

तौसालाची अनवाणी पावलं चटईच्या कडेशी आली.

“कोच,” ती म्हणाली, “तू काय केलंस?”

चटईखालून बोलायची रीत नाही. तरी तो बोलला. विमानतळावरचा शब्दन् शब्द सांगितला. थांबायचं नाही, पाणी मागायचं नाही, सगळं. मी डोळे मिटून घेतले. तिनं आता थडग्यावरचा दगड उचलून घातला असता, तरी मी तिला काही म्हटलं नसतं.

“विमानतळावर तू सांगितलंस,” तौसाला म्हणाली. “घरातून निघताना मी सांगितलं. हेच.”

तिनं चटईची कड उचलली. डोळ्यांवर एकदम ऊन आलं. मला वाटलं, संपलं, क्षमा मिळाली. अपेलूला उठवायला मी त्याच्या काखेत हात घातला. पण तौसाला खाली वाकली, गुडघे टेकले, सरकत सरकत अपेलूच्या पलीकडे आत आली आणि उचललेली कड तिनं स्वतःच्या डोक्यावरून ओढून घेतली.

ऊन चढत गेलं. रस्त्यावर माणसं जमली, पण पुढे कोणी आलं नाही. चटई घरच्या माणसानं उचलायची असते आणि त्या घरात आता कोणीच नव्हतं.