मिनिटबाईंचा भ्रम

“चार नंबर! एकोणीस मिनिटं? रस्त्यात झोपा काढत होतात का?”

मॅडमचा आवाज वायरलेसवरून कडाडला, तशा नियंत्रण कक्षात टेलिफोनवर बसणाऱ्या चौघीजणी जागच्या जागी ताठ झाल्या. वायरलेसवर एका गाडीला बोललेलं आठही गाड्यांना ऐकू जातं, हे मॅडमना ठाऊक होतं. किंबहुना म्हणूनच त्या तिथे बोलत.

“मॅडम, पुलाजवळ खोदकाम...” पलीकडून चार नंबरचा ड्रायव्हर सांगू लागला.

“कारणं नकोत मला. मिनिटं हवीत!”

शहरातल्या रुग्णवाहिकांच्या त्या प्रमुख. फोन वाजल्यापासून गाडी दारात पोचेपर्यंत किती मिनिटं लागली, हे त्यांच्या रजिस्टरमध्ये फेरीगणिक लिहिलेलं असे. बारा मिनिटांच्या वर गेलं की तांबड्या शाईनं शेरा आणि वायरलेसवर खरडपट्टी. आठच्या आत पोचलं की हिरवी शाई आणि शाबासकी. लोक त्यांना पाठीमागे ‘मिनिटबाई’ म्हणत. त्यांच्या कानावर ते आलं होतं आणि त्यांना त्यात वावगं काही वाटत नव्हतं. त्यांचे वडील घरीच, रुग्णवाहिकेची वाट बघता बघता गेले होते. गाडी चाळीस मिनिटांनी आली होती. त्या चाळीस मिनिटांत दाराशी उभी राहिलेली मुलगी आता या खुर्चीत बसली होती. मिनिटं तिनं मोजायची नाहीत, तर कुणी मोजायची?

त्याच दुपारी चार नंबरची पुढची फेरी नऊ मिनिटांत झाली.

“पाहिलंत ना काका?” मॅडम वायरलेसकाकांकडे वळून म्हणाल्या. “सकाळी कान पिळला, दुपारी गाडी सुतासारखी सरळ!”

काकांचे केस त्या वायरलेसपुढेच पिकले होते. ते नुसतं “हं” म्हणाले.

“आणि परवा दोन नंबरला सहा मिनिटांसाठी शाबासकी दिली, तर लगेच चौदा! कौतुक केलं की डोक्यावर चढून बसतात. हा माझा सहा वर्षांचा अनुभव आहे.”

अनुभव खोटा नव्हता. रजिस्टरमध्ये डोळ्यांना दिसत होतं. ओरडलं की पुढची फेरी सुधारते, शाबासकी दिली की पुढची बिघडते. मग कुणीही शहाणा माणूस काय करील? मॅडमनी शाबासकी हळूहळू कमी केली आणि ओरडणं वाढवलं.

त्यांना आणखी एका गोष्टीचा अभिमान होता. गाडीत काही बिघाड वाटला तर ड्रायव्हरनं तो दोषवहीत लिहायचा, असा नियम होता. गेल्या पाच आठवड्यांत त्या वहीत एकही नोंद नव्हती. वरिष्ठांना त्यांनी मोठ्या तोऱ्यात कळवलं होतं, ‘सर्व गाड्या उत्तम स्थितीत.’

गुरुवारी सकाळी अकरा वाजता गिरणीमागच्या वस्तीतून फोन आला. म्हाताऱ्या गृहस्थांच्या छातीत दुखतंय, घामाने निथळलेत. जवळ चार नंबर होती. तिचा ड्रायव्हर पूर्वी गाडी शिकवण्याचे वर्ग घ्यायचा, म्हणून सगळे त्याला ‘मास्तर’ म्हणत. बाजूला परिचारिका बसली आणि गाडी सुटली.

मॅडमची नजर घड्याळावर होती. चार मिनिटं. पाच. सहा.

“चार नंबर, कुठे पोचलात?”

उत्तर नाही.

“चार नंबर! मास्तर!”

खरखर. नुसती खरखर. काकांनी बटणं फिरवून पाहिली. टेलिफोनवर बसलेल्या चौघींपैकी एकीनं घाबऱ्या आवाजात विचारलं, “पुन्हा फोन आलाय मॅडम, गिरणीमागून. गाडी कुठे आहे म्हणतात. काय सांगू?”

तेवढ्यात वायरलेसवर परिचारिकेचा आवाज आला, तुटक, धापा टाकत. “मॅडम... पुलाच्या उतारावर... ब्रेक लागला नाही. गाडी कठड्यावर घातली. खाली सिग्नलला माणसं उभी होती... दुसरी गाडी पाठवा गिरणीमागे. आधी त्या आजोबांकडे!”

सहा नंबर शहराच्या दुसऱ्या टोकाला होती. ती गिरणीमागे पोचेपर्यंत सव्वीस मिनिटं झाली. त्या सव्वीस मिनिटांत म्हाताऱ्यांच्या सुनेचा पाच वेळा फोन आला. शेवटच्या खेपेला ती बोलली नाही, नुसती रडत होती. म्हातारे वाचले, पण डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर हात टेकले असते.

दुपारी मॅडम इस्पितळात गेल्या. मास्तरच्या तीन बरगड्या मोडल्या होत्या. परिचारिकेचा हात प्लॅस्टरमध्ये होता.

“मॅडम, चूक झाली,” मास्तर त्यांना पाहताच म्हणाला.

“ब्रेक एकदम गेला?”

तो हळूच म्हणाला, “चार दिवस मऊ लागत होता.”

“चार दिवस! मग दोषवहीत लिहिलं का नाहीत?”

मास्तरनं मान भिंतीकडे वळवली. उत्तर परिचारिकेनं दिलं. “लिहिलं की गाडी गॅरेजला जाते, मॅडम. मग उरलेल्या गाड्यांना उशीर होतो. मग सगळ्यांच्या देखत...” तिनं वाक्य पुरं केलं नाही. करण्याची गरज नव्हती.

चूक कुणाची, हे मॅडमना त्या क्षणी दिसलं. पण माणसाचं मन मोठं चतुर असतं! परतीच्या रस्त्यावर ते त्यांच्या कानाशी कुजबुजू लागलं, ‘दोष लपवतात म्हणजे काय? आपण ढिलाई केली, त्याचं हे फळ. उद्यापासून दोष न लिहिणाऱ्याला सरळ घरी बसवायचं. आणखी कडक व्हायला हवं!’

चौकशी समितीला अहवाल द्यायचा होता आणि मॅडमची लेखणी अशा कामात अडखळे. म्हणून संध्याकाळी रजिस्टर पिशवीत घालून त्या थोरल्या भावाकडे गेल्या. दादा हवामान वेधशाळेतून निवृत्त झाले होते. तापमान, पाऊस, वारा यांच्या नोंदी करण्यात त्यांची चौतीस वर्षं गेली होती.

दादांनी सगळं ऐकून घेतलं. रजिस्टर चाळलं. मग चष्मा कपाळावर सारून म्हणाले, “तुझ्या ओरडण्यानं गाड्या लवकर येतात, असं तुला वाटतं?”

“वाटतं काय, दिसतंय! पानापानावर आहे.”

“बरं. वेधशाळेत महिन्यातला सगळ्यात कडक उन्हाचा दिवस मी नोंदवायचो. त्याच्या दुसऱ्या दिवशी बहुतेक वेळा ऊन जरा उतरलेलं असायचं. सूर्याला कोण रागावलं होतं गं?”

“काहीतरीच काय दादा! सूर्य आणि ड्रायव्हर सारखे का?”

“नाहीत. पण उच्चांक तो उच्चांकच. एकोणीस मिनिटं लागली म्हणजे त्या दिवशी सगळंच आडवं आलं. खोदकाम, सिग्नल, चुकीचा पत्ता. पुढच्या फेरीला सगळंच पुन्हा आडवं येत नाही, म्हणून ती बरी होते. सहा मिनिटांत पोचला तेव्हा सगळे सिग्नल हिरवे मिळाले. पुढच्या फेरीला ते मिळत नाहीत. तू मध्ये ओरडलीस काय, शाबासकी दिलीस काय, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली!”

वहिनी आतून पाणी घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “ह्यांनाच विचारा. लग्नानंतर आमटीत मीठ जास्त पडलं की हे बोलायचे. दुसऱ्या दिवशी मीठ बेताचं. ह्यांना वाटायचं, आपलं बोलणं लागू पडलं. अहो, रोज रोज कुणाचा हात चुकतो?”

दादा हसले. मॅडम हसल्या नाहीत. “हे तुमचं बोलण्यापुरतं झालं. पुरावा काय?”

“पुरावा तुझ्याच वहीत आहे. मध्ये तुला कावीळ झाली होती. अडीच आठवडे घरी होतीस. तेव्हा रजिस्टर कोण लिहायचं?”

“वायरलेसकाका. नुसती मिनिटं लिहीत. ते कुणाला बोलणार?”

“म्हणजे ना तांबडी शाई, ना हिरवी. काढ ती पानं.”

मॅडमनी पानं काढली. मनातून त्यांना खात्री होती की त्या दिवसांत सावळा गोंधळ असणार. दादा एकेक गाडी सांगत गेले आणि त्या मोजत गेल्या. बाराच्या वर गेलेल्या फेऱ्या तेरा. त्यातल्या अकरांच्या बाबतीत त्याच गाडीची पुढची फेरी लवकर झालेली. कुणीही न ओरडता! आठच्या आतल्या फेऱ्या नऊ. त्यातल्या आठांनंतर पुढची फेरी उशिराची. कुणीही शाबासकी न देता!

त्यांनी पुन्हा मोजलं. आकडे तेच. मग स्वतःच्या तांबड्या शेऱ्यांचा एक महिना काढला. तिथेही जवळजवळ तेच प्रमाण. सहा वर्षं त्या ज्याला आपला वचक समजत होत्या, तो त्या नसतानाही तसाच चालू होता.

“म्हणजे माझ्या ओरडण्यानं काहीच झालं नाही?” त्यांचा आवाज एवढासा झाला होता.

“झालं ना,” दादा हळू आवाजात म्हणाले. “गाडी लवकर पोचली नाही, पण भीती पोचली. ती आठही गाड्यांत पोचली. माणसं दोष लपवायला शिकली. आणि तुझी कोरी दोषवही? रोग्यानं कण्हणं बंद केलं म्हणून तो बरा झाला, असं म्हणतेस का तू तिथे?”

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. “दादा, बाबांच्या वेळी...”

“ते मला कमी का लागलं? पण रागावणारं कुणी नव्हतं म्हणून तो ड्रायव्हर उशिरा आला, हे तुला कुणी सांगितलं? ते तूच ठरवलंस. चूक तुझ्या कळकळीत नाही गं. जे आधीच ठरवलं होतंस, त्याचीच साक्ष तू सहा वर्षं गोळा करत राहिलीस.”

अहवालाचा मसुदा मॅडमनी त्या संध्याकाळी स्वतःच लिहिला. ‘ब्रेकचा दोष नोंदवला गेला नाही. नोंदवण्याची भीती वाटावी असं वातावरण मी निर्माण केलं होतं.’ खुर्ची जाईल का? गेली तर गेली.

सकाळी त्यांनी सगळ्या ड्रायव्हरांना आणि परिचारिकांना गॅरेजच्या आवारात बोलावलं. सगळे खाली माना घालून उभे राहिले. आज कुणाची तरी नोकरी जाणार, याची प्रत्येकाला खात्री होती.

“मास्तरचा ब्रेक गेला, त्यात माझा वाटा आहे,” मॅडम म्हणाल्या. “तुम्हाला सगळ्यांदेखत बोलत आले. त्याबद्दल मी सगळ्यांदेखतच माफी मागते. ही दोषवही. गाडीत काहीही खटकत असेल तर लिहा. उशीर झाला तर त्याचं उत्तर वर मी देईन.”

कुणी हललं नाही. एक मिनिट गेलं. दोन गेली. मॅडमना वाटलं, हे विश्वास ठेवणार नाहीत, का ठेवावा? अखेर सात नंबरची परिचारिका पुढे आली. तिनं लिहिलं, ‘ऑक्सिजनच्या नळीतून गळती, पंधरा दिवस.’ पंधरा दिवस! मग दोन नंबरचा ड्रायव्हर आला. मग पाच नंबरचा. वही तिघाचौघांच्या हातांतून फिरू लागली.

संध्याकाळपर्यंत आठांपैकी चारच गाड्या रस्त्यावर राहिल्या. दोन शेजारच्या इस्पितळाकडून मागून घेतल्या. प्रत्येक फोनला मॅडमची नजर घड्याळाकडे जात होती. एका फेरीला सतरा मिनिटं लागली. सवयीनं हात वायरलेसकडे गेला, जीभ वळवळली. त्यांनी ओठ आवळले आणि विचारलं, “तीन नंबर, काय आडवं आलं?”

पलीकडून उत्तर आलं, “वसाहतीचं मागचं फाटक कुलूपबंद असतं, मॅडम. दर वेळी वळसा पडतो.”

दर वेळी! वर्षानुवर्षं पडणारा वळसा आणि तो त्यांना आज कळत होता, कारण आज त्यांनी विचारलं होतं. दुसऱ्याच दिवशी त्या फाटकाची किल्ली गाडीत आली.

तीन नंबरची पुढची फेरी आठ मिनिटांत झाली. मॅडमचा चेहरा खुलला. “पाहिलंत काका? गोडीनं विचारलं की...”

“मॅडम,” काका पहिल्यांदाच त्यांचं बोलणं तोडून म्हणाले, “एका फेरीवरून नको.”

मॅडम चपापल्या. मग स्वतःशीच हसल्या. खड्ड्यातून एक पाय बाहेर काढला, तोच दुसरा घालायला निघाले होते! त्या दिवसापासून त्यांनी शेऱ्यांचा रकाना बंद केला. त्या जागी नवा रकाना आला, ‘काय आडवं आलं?’ कुठलाही निष्कर्ष काढायचा तो महिनाभराच्या नोंदी पाहून, आणि तोही काकांना आणि एका ड्रायव्हरला शेजारी बसवून. समितीनं त्यांना लेखी ताकीद दिली. ती त्यांनी निमूटपणे घेतली. खुर्ची राहिली.

तीन महिन्यांनी मास्तर कामावर परतला. तिसऱ्याच दिवशी, एका बाईंना आणायला निघालेला असताना, त्याचा आवाज वायरलेसवर आला. जरा चाचरत, पण आठही गाड्यांना ऐकू जाईल असा.

“मॅडम, स्टिअरिंग मला बरोबर वाटत नाही. मी गाडी बाजूला घेतोय. दुसरी पाठवा.”

नियंत्रण कक्षात चौघीजणींनी श्वास रोखला. घड्याळ चालू होतं, कुठल्यातरी दारात कुणीतरी वाट बघत उभं होतं.

“घ्या बाजूला, मास्तर,” त्या म्हणाल्या. “बरं केलंत सांगितलंत. सहा नंबर, निघा.”

वाचकहो, आपल्यापैकी प्रत्येक जण कुणाचा ना कुणाचा प्रमुख असतो. कुणी कचेरीत, कुणी वर्गात, कुणी चार माणसांच्या घरात. आपण रागावलो आणि समोरचा सुधारला, की आपल्याला वाटतं आपलं औषध लागू पडलं. कधी पडलंही असेल. पण औषध न देताही दुखणं उतरलं असतं का, हे आपण कितीदा तपासून पाहतो? दुसऱ्याची चूक दिसायला डोळे पुरतात. आपल्या खात्रीतली चूक दिसण्यासाठी मात्र “साहेब, तसं नाही” असं म्हणू शकणारी माणसं भोवती लागतात. ती माणसं गप्प झाली असतील, तर सगळं आलबेल आहे असं समजू नका. तेव्हाच खरी काळजी करा!