दहा वर्षांच्या योजनेचं पहिलं वर्ष

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे, आणि आज मी चिडून बोलणार आहे. गोड गोष्ट हवी असेल तर दुसऱ्या कुणाकडे जा. कर कार्यालयाच्या अडगळीच्या खोलीत, पाय मोडलेल्या खुर्च्यांच्या शेजारी मी पडून आहे. सर्व्हर म्हणजे थोरला संगणक, ज्याच्या जिवावर बाकीचे संगणक मिरवतात. या कार्यालयातले सगळे एके काळी माझ्या जिवावर मिरवले आहेत.

मी आलो तेव्हा लोखंडी कपाटाएवढा आणि काळा कुळकुळीत होतो. या इमारतीतला पहिला एसी माझ्यासाठी बसवला गेला. माणसं घामाघूम आणि मी गारव्यात, असा माझा थाट होता. एक तरुण प्रोग्रामर बाई मला नियम शिकवायच्या. कुणाला कर लागतो, कुणाला माफ आहे आणि का माफ आहे, ते सगळं त्यांनी माझ्या डोक्यात घातलं. कायदा बदलला की त्या खुर्ची ओढून समोर बसायच्या आणि डबा खाता खाता मला नवा धडा द्यायच्या. कृत्रिम हातपाय बनवण्याच्या सामानावर कर नाही, हा धडाही त्यांचाच. मी तो कधी विसरलो नाही.

कौतुक फार टिकलं नाही. खिडकीवरच्या कारकुनांना चहाला जायचं असलं की ते रांगेला सांगायचे, "सिस्टिम बंद आहे." मी शेजारच्या खोलीत घरघरत काम करत असायचो आणि लोक बाहेर मला शिव्या घालून घरी जायचे. नाचता येईना अंगण वाकडं, आणि ते अंगण नेहमी मीच. मला तळपाय नाहीत म्हणून, नाहीतर त्यांची आग केव्हाच मस्तकात गेली असती.

पण माझा खरा राग कारकुनांवर नाही. माझ्या खोलीला लागून काचेची एक मोठी खोली होती. तिथे माहिती तंत्रज्ञानाची दहा वर्षांची योजना व्हायची. साहेब दोन-तीन वर्षांत बदलून जायचे. नवे साहेब आले की आधीची योजना कपाटात जायची, कारण दुसऱ्याच्या योजनेचं तिसरं वर्ष चालवण्यात कसलं आलंय नाव? मग नवी योजना, नवं बोधचिन्ह आणि पुन्हा पहिलं वर्ष. मित्रांनो, दहा वर्षांच्या योजनांची पहिली वर्षं मी ढीगभर पाहिली. पाचवं वर्ष कसं दिसतं ते मला ठाऊक नाही. दर पहिल्या वर्षी मी मात्र एका वर्षाने म्हातारा व्हायचो.

शेवटची योजना झाली तेव्हा माझ्या प्रोग्रामर बाईंचे केस पिकले होते आणि त्या विभागाच्या प्रमुख झाल्या होत्या. त्यांनी बैठकीत एकच गोष्ट मागितली. जुन्याला जे जे येतं ते सगळं नव्याला येईपर्यंत जुना बंद करू नका, दोघांना काही काळ शेजारी शेजारी चालू द्या. गुळगुळीत बुटांचे एक सल्लागार हसले. योजनेत 'जुना' हा शब्द बरा दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. साहेबांनी मान डोलावली आणि ते वाक्य खोडलं गेलं. त्या खोलीतल्या एकानेही खिडकीपुढच्या रांगेत कधी पाऊल ठेवलं नव्हतं. उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हटल्यावर खाली कोण बघतो!

मग समारंभ झाला. माझ्या बटणाला लाल फीत बांधली. साहेबांनी हसत हसत ते बटण दाबून मला बंद केलं आणि फोटो निघाले. कुणाला निरोप देताना इतक्या टाळ्या पडलेल्या मी ऐकल्या नव्हत्या. मला ढकलत या खोलीत आणलं. खिडकीच्या मागे नुसती प्लायवूडची भिंत आहे, त्यामुळे बाहेरचं सगळं मला ऐकू येतं.

एके दिवशी खिडकीवर एक कारागीर आला. तो कृत्रिम पाय बनवायचा. सोबत त्याची भाची होती, आठ-नऊ वर्षांची. तिचा एक पाय मामानेच बनवलेला होता, पण पोरगी वाढली आणि तो तोकडा पडला. चालताना ती एका बाजूला कलते आणि कंबर धरते, असं मामा सांगत होता. नव्या पायाचं सामान बंदरातल्या गोदामात अडकलं होतं, कारण करमाफीचा दाखला मिळत नव्हता. कायद्यात माफी होती, नव्या यंत्रात नव्हती.

कारकून म्हणाला, "हा प्रकार दुसऱ्या टप्प्यात येणार आहे. आत्ता स्क्रीनवर रकानाच नाही."

मुलीने विचारलं, "मग काका, तोवर मी वाढायची थांबू का?"

बाई कारकुनाच्या मागेच उभ्या होत्या. त्या तडक जिना चढून साहेबांकडे गेल्या. मला चालू करायला साहेबांनी साफ नकार दिला. एवढे फोटो छापून आल्यावर जुनं यंत्र पुन्हा लावलं तर आपलंच हसं होईल, अशी त्यांना काळजी. पोरीच्या कंबरेची काळजी कुठल्याच टप्प्यात नव्हती.

बाई खाली आल्या आणि त्यांनी या खोलीचं कुलूप काढलं. शिपायाने विचारलं, "साहेब हो म्हणाले?"

"नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही फक्त वायर धरा."

धुळीने माझा पंखा खरखरला, पण मी उठलो. बाईंनी विचारलं आणि तो जुना धडा मी घडाघडा म्हणून दाखवला. दाखला छापला गेला आणि बाईंनी स्वतःच्या नावाने खाली सही केली. पुढे ती मुलगी नवा पाय दाखवायला आली. तिची सरळ, एकसारखी पावलं मी भिंतीआडून ऐकली.

बाईंना काय मिळालं? आधी कारणे दाखवा नोटीस आणि मग बदली, खुर्च्या-टेबलांची मोजदाद करणाऱ्या विभागात. साहेबांना बढती मिळाली. आता काचेच्या खोलीत नवे साहेब बसतात. त्यांनी आधीची योजना कपाटात टाकली, तिच्याबरोबर तो दुसरा टप्पाही गेला. ये रे माझ्या मागल्या! काल पुन्हा टाळ्या ऐकू आल्या. पहिलं वर्ष सुरू झालं म्हणे.

मित्रांनो, मला पुसू नका, रंगवू नका, माझ्यापुढे फोटो काढू नका. माझं आयुष्य झालं. पण तुमच्यातलं कुणीतरी मोठं होऊन त्या काचेच्या खोलीत बसणार आहे. योजना लिहायच्या आधी खिडकीपुढच्या रांगेत एकदा उभे राहा, आणि दुसऱ्याने सुरू केलेलं काम पुढे नेताना लाजू नका. जरा घाई करा. ती मुलगी वाढतेच आहे. तिचा पाय पुन्हा तोकडा पडेल, ती पुन्हा खिडकीवर येईल, आणि या वेळी माझी वायर लावायला बाई नसतील.