निर्जळीचा नियम

शोशाम्माच्या वॉर्डात ऑपरेशनच्या आदल्या रात्री दहा वाजले की बायकांच्या उशाची पाण्याची भांडी उचलली जात. त्यानंतर थेंब नाही. नियम कोणी केला ते कोणालाच ठाऊक नव्हतं. शोशाम्मा एकोणीस वर्षांपूर्वी केरळातल्या या टेकडीवरच्या मिशन इस्पितळात नर्स म्हणून आली तेव्हाही तो होता. कारण मात्र झाडूवालीलासुद्धा पाठ होतं. भूल दिलेल्या माणसाच्या पोटात काही असलं तर ते वर येतं, श्वासनळीत उतरतं आणि माणूस हातचा जातो. कारण खरंच आहे, म्हणून नियमाला कोणी हात लावत नव्हतं.

गेल्या नोव्हेंबरात शोशाम्माचंच पित्ताशय काढावं लागलं. आपल्याच वॉर्डातल्या सहा नंबरच्या खाटेवर ती झोपली. सकाळी अकराला व्हायचं ऑपरेशन दुपारी अडीचला झालं. जीभ टाळूला चिकटलेली, डोकं ठणकतंय, आणि पाणी मागावं तर नियम तिच्याच वॉर्डाचा. बाई मोठी श्रद्धाळू. ईस्टरआधीचे पन्नास दिवस मासळी, दूध काही शिवायची नाही, बुधवार-शुक्रवार एकवेळ. उपासाची तिला सवय होती. पण त्या दुपारी तिला कळलं की हा उपासच नव्हे. आपण धरला तर उपास देवाला पोचतो. दुसऱ्याने भांडं उचलून नेलं तर तो कोणालाच पोचत नाही.

बरी होऊन कामावर आली तेव्हा हे ती जिन्सीजवळ बोलली. जिन्सी मंगळुरूहून एम.एस्सी. करून नुकतीच वॉर्डात लागली होती. सव्वीस वर्षांची पोर, केस आखूड, बोलणं त्याहून आखूड. बोलली की टोचायचंच.

"चेची, तुमची तहान हा काही पुरावा नाही," ती म्हणाली.

"मग काय, नाटक होतं?"

"तहान खरी. पण ती एका बाईची. वीस जणींची लिहून काढा, मग बोलू."

शोशाम्माला राग आला. काल आलेली पोर आणि 'चेची', म्हणजे थोरली बहीण, म्हणत म्हणत असं बोलते! दोन दिवस ती जिन्सीशी कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी भांडारातून एक कोरी वही मागवली.

वहीत तिने वीस बायकांची नोंद केली. शेवटचा घोट कधी, टेबलावर कधी, तहान दहापैकी किती, डोकं दुखलं का, नंतर ओकारी झाली का. नियम सांगायचा बारा तास; प्रत्यक्षात बहुतेकींना चौदा-पंधरा तास घडले, एकीला साडेसतरा. आणि एक गोष्ट तिने विचारलीच नव्हती, तरी बायकांनी आपणहून सांगितली. वीसपैकी तिघींनी न्हाणीघरातल्या नळाचं पाणी चोरून प्यायलं होतं आणि कोणाला कळू दिलं नव्हतं. ते लिहून शोशाम्माने वही मिटली.

जिन्सीने देशोदेशीचे अभ्यास छापून आणले. संध्याकाळी चहाच्या वेळी दोघी ते वाचत बसत. शोशाम्माचं इंग्रजी संथ, पण ती एक ओळ सोडायची नाही. निरोगी पोटातून साधं पाणी दोन तासांत निघून जातं. त्याहून जास्त उपाशी ठेवून पोट काही जास्त रिकामं होत नाही. हलकं खाणं आणि दूध यांना सहा तास लागतात. गरोदर बाया, पोट मंद चालणारे रोगी यांचं डॉक्टरांनी वेगळं ठरवायचं. हे सगळं जुनंच होतं, वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचं. टेकडी चढून वर यायला त्याला एवढी वर्षं लागली होती.

"आणि आपले दहा कुठून आले?" जिन्सीने विचारलं. "जगभर जुना नियम निदान मध्यरात्रीचा तरी होता."

शोशाम्माने आठवून पाहिलं आणि ओशाळून हसली. "दहाला वॉर्डातल्या स्वैपाकखोलीला कुलूप लागतं गं. म्हणून."

शल्यवैद्य डॉ. वर्क्की एकसष्ट वर्षांचे. हाताने थंड, डोक्याने गरम. त्यांच्यापुढे वही ठेवली तेव्हा त्यांनी ती उघडलीही नाही.

"तीस वर्षांत माझ्या टेबलावर एक उलटी झाली नाही, शोशाम्मा."

भूल देणाऱ्या डॉ. हफ्सा शेजारीच बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "ती तुमच्या बाजूला होत नाही डॉक्टर, माझ्या बाजूला होते."

शेवटी वर्क्कींनी एक महिना दिला. बायकांनी ठरलेल्या वेळेच्या दोन तास आधीपर्यंत पाणी प्यावं. पण अट घातली. "या पाण्यापायी माझं एक जरी ऑपरेशन पुढे ढकललं गेलं, की वही बंद. पुन्हा हा विषय माझ्यासमोर काढायचा नाही."

बावीस दिवस सुरळीत गेले. बायका सकाळी पाणी पिऊन, वेणी घालून, जपमाळ हातात घेऊन बसायच्या. रडारड कमी झाली. शोशाम्मा रोज वही भरायची, आणि मनातल्या मनात उरलेले दिवस मोजायची.

तेविसाव्या दिवशी पहिल्याच नंबरावर कुंजेली होती. सहासष्ट वर्षांची, हर्नियाची, साडेनऊची वेळ. शोशाम्मा पावणेआठला फेरीला गेली. कुंजेलीच्या खाटेशेजारी स्टीलचा पेला होता. शोशाम्माने तो सवयीने उचलून आत पाहिलं. तळाशी पांढरट साका आणि फुटलेल्या भाताचं एक शीत.

"अम्मच्ची, हे काय प्यायलात?"

"पाणी," कुंजेली म्हणाली. "तुमच्या त्या आखूड केसवालीने सांगितलं तसं. सातला प्यायले. पेलाभर."

"कसलं पाणी?"

तेवढ्यात सून आली, रोसिली. कडेवर धुतलेले कपडे. "पेजेचं," ती म्हणाली. "बहिणीने घरून पाठवलं, गरम गरम. का, काय झालं?"

"पेज?"

"पेज कशी देईन सिस्टर? मला काय कळत नाही? भात सगळा गाळून काढला. नुसतं वरचं पाणी." रोसिलीला राग यायला लागला होता. "दूध नको म्हणालात, दिलं नाही. चहा नको म्हणालात, दिला नाही. खाऊ नको म्हणालात, घासभर दिलं नाही. पाणी चालेल म्हणालात, तर पाणी दिलं. इथलं लाल पाणीसुद्धा मी नाही दिलं. म्हटलं, त्यात रंग आहे, उगीच डॉक्टर ओरडतील."

आता यात रोसिलीचं चुकलं काय? तिच्या घरात नुसतं पाणी कोणी पीतच नाही. तहानेला औषधी लाकडाचे तुकडे घालून उकळलेलं लाल पाणी. आणि आजाऱ्याला पेजेचं पाणी. ताप आला तरी तेच, बाळंतिणीला तेच, उन्हातून आलेल्यालाही तेच. त्याला कोणी अन्न म्हणत नाही. जे लाल पाणी खुशाल चाललं असतं ते तिने टाळलं, आणि ज्यात भाताचा सगळा जीव उतरलेला ते दिलं. सासूच्या मायेपोटी दिलं.

शोशाम्मा जिन्सीला बाजूला घेऊन गेली. जिन्सीचा चेहरा उतरला.

"पेलाभरच आहे चेची," ती खालच्या आवाजात म्हणाली. "गाळलेलं. साडेनऊपर्यंत अडीच तास होतात. काही होणार नाही."

"कागदात काय आहे?"

जिन्सीने घड्याळाकडे पाहिलं.

"तूच आणलेत ना? भाताच्या पाण्याला किती तास?"

"अन्नच धरायचं. सहा तास." मग ती एकदम म्हणाली, "आठवडा राहिला हो! एक आठवडा. बावीस दिवसांचं सगळं जाईल. पुन्हा ते भांडी उचलायला लावतील. पुढच्या शंभर बायकांचं काय?"

शोशाम्मालाही तेच दिसत होतं. शंभर बायका, कोरड्या जिभा, न्हाणीघरातला नळ. खाटेवरून कुंजेलीही म्हणाली, "मला कोणी विचारलं तर मी काही प्यायलेच नाही म्हणून सांगेन. देवाशपथ." देवाशपथ म्हणताना तिने क्रूसही धरला.

"अम्मच्ची, अशानेच माणूस जातं," शोशाम्मा म्हणाली. तिचा आवाज कधीच चढायचा नाही, आताही चढला नाही. मग जिन्सीकडे वळून म्हणाली, "पुरावा आपल्या बाजूचा असला की वाचायचा आणि नसला की घडी घालायची, असं असेल तर मग दहाचं कुलूप काय वाईट होतं?"

आणि ती डॉ. हफ्सांकडे गेली.

हफ्सांनी दोन प्रश्न विचारले, घड्याळ पाहिलं आणि कुंजेलीचा नंबर पहिल्यावरून शेवटी टाकला. एक वाजता. थायरॉइडची बाई आधी आली. एवढं व्हायला पाच मिनिटं लागली. वर्क्कींना कळायला सहावं.

ते शस्त्रक्रियागृहाच्या दारातच उभे राहिले, टोपी घातलेले. "झालं? मी काय म्हणालो होतो?"

"ढकललं गेलं तर वही बंद, असं म्हणाला होतात," शोशाम्मा म्हणाली.

"मग?"

"ढकललं गेलंय डॉक्टर. चूक आमची. आम्ही पाणी म्हणालो आणि त्यांच्या घरी पाणी म्हणजे काय, ते विचारलं नाही."

"सुनेची चूक म्हणा ना."

"नाही. जिन्सीच्या पुस्तकात एक सिद्धांत आहे. रोगी स्वतःची काळजी स्वतःच घेत असतो, त्याला जेवढं जमत नाही तेवढ्यापुरतीच नर्स. वाचला तेव्हा मला आवडला होता, पण कळला नव्हता. त्या सुनेला सगळं जमत होतं. आम्ही सांगितलेलं तिने अक्षरशः पाळलं. जी फट होती ती आमच्या सांगण्यात होती."

वर्क्की काही म्हणणार तोच हफ्सा मास्क बांधता बांधता म्हणाल्या, "डॉक्टर, हिच्या वहीत वीसपैकी तिघी चोरून पाणी प्यायल्या, हे तुम्ही वाचलंत का?"

"मी वही वाचली नाही."

"वाचा. जुन्या नियमात त्या प्यायच्या आणि मला कळायचं नाही. आज एक बाई चुकीचं प्यायली आणि मला पावणेदोन तास आधी कळलं. मी रमजानात तीस दिवस पाणी पीत नाही. पण ते मी ठरवते म्हणून खोटं बोलावं लागत नाही. तुमची यादी हलली एवढंच. माझं काम सोपं झालं."

"माझी यादी हलली, एवढंच," वर्क्की म्हणाले, पण कुजकटपणे. "दुपारी बघू." आणि दार लोटून आत गेले.

शोशाम्माने वहीत लिहिलं. कुंजेली, सहासष्ट, पेजेचं पाणी, सातला. ऑपरेशन साडेतीन तास पुढे. मग 'कारण' या रकान्यात तिचा हात क्षणभर थांबला. तिने लिहिलं, 'आम्ही नीट सांगितलं नाही.' जिन्सीने शेजारी आपली सही केली, न सांगता.

कुंजेलीला अजून अकरापर्यंत साधं पाणी चालणार होतं. पण आता रोसिली कशालाच हात लावेना. "मी नाही देत. मेलं विषच निघायचं त्यातून."

शोशाम्मा विचार करत उभी राहिली. लाल पाणी चालतं, पांढरं नाही. हे रंगाने सांगून भागायचं नाही. मग ती स्वैपाकखोलीत गेली आणि काचेचे तीन पेले घेऊन आली. स्टीलच्या पेल्यातून काय दिसणार? एकात साधं पाणी भरलं, एकात लाल, एकात रोसिलीच्या डब्यात उरलेलं पेजेचं. वॉर्डातलं वर्तमानपत्र घेऊन पेल्यांच्या मागे धरलं.

"रोसिली, वाच बघू."

साध्या पाण्यातून वाचता आलं. लाल पाण्यातूनही आलं. पेजेच्या पाण्यामागे अक्षरं पुसल्यासारखी झाली.

"वाचता येतं ते प्यायचं. येत नाही ते अन्न," शोशाम्मा म्हणाली.

"एवढंच?" रोसिली म्हणाली. "मग हे कालच दाखवायचं होतं ना!"

"कालच दाखवायला हवं होतं," शोशाम्मा म्हणाली.

आजूबाजूच्या खाटांवरच्या बायका उठून आल्या. कुंजेलीने आपला चष्मा मागवला, लाल पाण्यातून डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "अगं, हे तर मेलेल्या लोकांचं पान! ऑपरेशनच्या दिवशी हेच सापडलं का तुम्हाला? दुसरं लावा." सगळ्या हसल्या. जिन्सीने घाईघाईने पान उलटलं, तर सोन्याच्या दुकानाची जाहिरात निघाली. ती कुंजेलीला चालली. अक्षर न् अक्षर वाचून तिने लाल पाण्याचा पेला संपवला. तेव्हा साडेदहा वाजले होते.

पावणेएकला वर्क्की वॉर्डात आले. तिसरं ऑपरेशन आटोपून आले होते, कपाळावर टोपीचा वळ. खिडकीपाशी तीन पेले पुन्हा भरून ठेवलेले होते. बारा नंबरची बाई तेरा नंबरच्या बाईला पेल्यामागे कागद धरून शिकवत होती. ते उभे राहून ऐकत राहिले. मग त्यांनी पेजेचा पेला उचलला, कागद मागे धरला आणि डोळे बारीक केले. मग लाल उचलला. खिशातून चष्मा काढून पुन्हा पाहिलं.

"अम्मच्ची," त्यांनी कुंजेलीला विचारलं, "तहान लागलीय?"

"नाही डॉक्टर. पण भूक लागलीय. आता लवकर कापा."

ट्रॉली आली, कुंजेली गेली. वर्क्की तिच्यामागे निघाले आणि दारात थांबून शोशाम्माला म्हणाले, "हा कागद बदला. मथळ्याची मोठी अक्षरं लावा. या वयाच्या बायकांजवळ सकाळी चष्मा नसतो."

"बरं डॉक्टर."

"आणि ती वही माझ्या टेबलावर ठेवा."

ते गेल्यावर जिन्सीने शोशाम्माची बाही धरली. "म्हणजे काय चेची? वही जप्त, की चालू ठेवायचं?"

"बंद करायचं असतं," शोशाम्मा पेले गोळा करत म्हणाली, "तर अक्षरं केवढी असावीत याची त्यांना कशाला पंचाईत? जा, उद्याच्या चौघींना बोलावून आण. घरचं पाणी घेऊन या म्हणावं."